नातवाची शपथ

गुरुवार, संध्याकाळ

आज माझा नातू विजय दिल्लीत अर्थमंत्री झाला. बँकेतली साहेबाची खुर्ची सोडून निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा मीच त्याला येडा म्हटलं होतं. संपात मिल गेली, याचा आजा कायमचा घरी बसला, आणि हा चालू पगार सोडतो? बोलले ते बोलले.

पण आज जीव अडकला होता तो शपथेत. आपण बौद्ध, देवाच्या नावानं शपथ घेत नाही. पक्षातले मागे लागले होते म्हणे, ‘देवाचं नाव घ्या, उगाच लोक नाराज होतील.’ घेतो की काय? चहा तसाच गार झाला. टीव्हीवर विजय उभा राहिला, ‘गांभीर्यपूर्वक’ म्हणाला, आणि शेवटपर्यंत देवाचं नाव नाही! शेजारच्या परबीणबाई ओरडल्या, ‘नातवान नाव काढल्यान गो तुझा!’ चाळीत ढोल वाजला.

मग त्याचा फोन. ‘आजी, ऐकलंस ना?’

‘ऐकलं. आवाज बारीक लागला. पुढच्या वेळी जोरात बोल.’

‘पुढच्या वेळी?’

‘मग! अर्थमंत्र्यावरच थांबणार काय रे?’