डब्यावरची खालची ओळ

नागसेन भाऊजी, जय भीम.

काल फोनवर तुम्ही हसून म्हणालात, "वहिनी, आता बीपीच्या गोळ्या कायले? दादाच्या जवसाच्या कॅप्सूल घेऊन राहिलो ना." मी घाईने फोन ठेवला.

त्या कॅप्सूलचा डबा आणला तेव्हा यांनी विचारलं होतं, "वाच वं, काय लिवलं हाये?" मी 'कोलेस्टेरॉल कमी होते' एवढंच वाचलं. खाली 'डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका' असंही होतं. गोळ्यांना कंटाळलेला माणूस खूश झाला होता, म्हणून ती ओळ मी गाळली. त्यांनी गोळ्या सोडल्या आणि पाच महिन्यांत ते गेले. उरलेला डबा तुम्हाला मीच दिला.

फोनवर हे बोलायचं धाडस होत नाही, आणि हे पत्र पोस्टात टाकलं तर उशीर होईल. मीच अकोल्याच्या बसने येते. ती ओळ तुमच्यासमोर वाचीन. मग मला दारातून हाकला, पण आधी गोळी घ्या.

तुमच्या दादाची,
जाई