बारा तपकिरी माश्या

३ मार्च, सोमवार
आज पाच कापल्या. पाचच्या पाच! गळावर पिसं नि दोरा गुंडाळून, माशाला खरा किडा वाटावा अशा बांधलेल्या माझ्या माश्या बाबांनी खिडकीपाशी नेल्या, बोटांत फिरवल्या आणि एकेकीवर ब्लेड चालवलं. नागडे गळ माझ्यापुढे टाकले. "डोकं जाड झालंय. पुन्हा बांध."

शनिवारी गळ-दोऱ्याच्या दुकानात बारा द्यायच्यात. बाबांची ती तपकिरी माशी, जी इथे दुसऱ्या कुणालाच जमत नाही. या वर्षी पाठ दुखते म्हणून त्यांनी हातच लावला नाही. म्हणाले, तुला जमलं तर तू चालव, नाही तर माश्या बांधायचं हे टेबल आवरून टाकू. चाळीस वर्षांचं टेबल! आवरून टाकू म्हणे.

४ मार्च
दोऱ्याचे तीनच वेढे देऊन डोकं बारीक केलं. आज काय, तर "हिला डोकंच नाही." धन्य आहे! कापल्या.

५ मार्च
ये रे माझ्या मागल्या.

६ मार्च, गुरुवार
कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे चार वेढे घेतले, त्यांनी शिकवलं तस्संच. म्हणे पाच घेतलेस. मी म्हटलं, मोजा. मोजले नाहीत. वर मलाच — नाचता येईना, अंगण वाकडं!

आई म्हणाली, मनावर घेऊ नकोस, त्यांचा स्वभावच तसा. पस्तिशीची बाई मी, न्हाणीघरात जाऊन रडले. संतापाने. त्यांना हे टेबल माझ्या हाती द्यायचंच नाहीये, दुसरं काय!

७ मार्च
दुकानदाराच्या काचेच्या कपाटात बाबांनी ऐन उमेदीत बांधलेली एक तपकिरी माशी आहे. हातापाया पडून मागून आणली. उद्या ती माझ्या नव्या बारा माश्यांत मिसळून बाबांना देणार. शोधा म्हणावं खोट! एकदा जिरवतेच.

८ मार्च, शनिवार
बाबांच्या हातात पहिली तीच आली. खिडकीशी धरली. डोळ्यांजवळ नेली, लांब केली, पुन्हा जवळ नेली. "हीसुद्धा नाही," म्हणाले, आणि मी हात पुढे करेपर्यंत कापली.

त्यांना दिसत नाहीये. किती दिवसांपासून, देव जाणे.

माझ्या बारा न दाखवताच दुकानात दिल्या. त्यांची माझ्याकडून हरवली, असं दुकानदाराला सांगितलं. येताना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोमवारची वेळ घेतली. बाबांना म्हटलं, माझा नंबर वाढलाय, सोबतीला चला.