कोठी नंबर तीनची घंटी

८ सप्टेंबर, सोमवार. लातूर

आलो एकदाचा. पुणे सोडून दोन आठवडे लातूरला काढायचे म्हटल्यावर ऑफिसातल्या लोकांनी मला काळ्या पाण्यावर धाडल्यासारखा निरोप दिला. पण खरं सांगतो, मजा वाटतेय. लॉजची खोली स्वच्छ आहे. खिडकीतून एमआयडीसीतल्या दालमिलांचे पत्रे दिसतात. खालच्या हॉटेलात सुशीला नावाचा चुरमुऱ्यांचा प्रकार मिळतो. नावाला हसलो आणि दोन प्लेट खाल्ल्या.

काम किरकोळ आहे. मिलमध्ये तूर साठवायच्या पाच उंच लोखंडी कोठ्या आहेत. प्रत्येक कोठीतले सेन्सर ओल आणि उष्णता मोजतात आणि एकाच सिरियल पोर्टवरून पॅनल रूममधल्या कॉम्प्युटरला कळवतात. हल्ली मधूनमधून आकडे गळतात. त्या पोर्टचा ड्रायव्हर, म्हणजे पोर्ट सांभाळणारा प्रोग्राम, दोन वर्षांपूर्वी आमच्याच कंपनीतल्या समीक्षा नावाच्या मुलीनं लिहिला. मग ती नोकरी सोडून नांदेडला, विष्णुपुरीला, आईवडिलांकडे निघून गेली. तिनं घातलेला घोळ निस्तरायला मी आलोय. तीन दिवसांत उरकेन आणि उरलेले दिवस झोपा काढीन.

मालक रेवणप्पा भेटले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात दोन मोबाईल. कॉम्प्युटरला ते अजून टीव्ही म्हणतात. मी दुरुस्त केलं नाही. कुणाकुणाला शिकवायचं?

९ सप्टेंबर, मंगळवार

आज इथल्या अडाणीपणाचा अस्सल नमुना पाहिला.

पावसाळी हवेत तूर कोठीच्या भिंतीला धरते, तिचे थर होतात. ते पाडायला पंचाक्षरी नावाचा चाळिशीचा माणूस कमरेला दोर बांधून आत उतरतो. त्याच्या गळ्यात वायरचं एक बटण असतं. तूर अंगावर यायला लागली की त्यानं बटण दाबायचं. ती खबर त्याच सिरियल पोर्टवरून येते. कॉम्प्युटर चालू काम जागच्या जागी थांबवून आधी ती घेतो, आम्ही याला इंटरप्ट म्हणतो, आणि पॅनल रूममध्ये घंटी वाजते. घंटी वाजली की पॅनलवरच्या माणसानं धावत जाऊन कप्पीवरून दोर ओढायचा.

पॅनलवर व्यंकटी असतात. मुखेडकडचे, पन्नाशीचे, तीस वर्षं इथंच. कोठीत माणूस असेपर्यंत हे गृहस्थ हातात काहीही धरत नाहीत. चहा नाही, मोबाईल नाही, तंबाखूची पुडीसुद्धा नाही. दोन्ही तळवे मांडीवर पालथे टाकून दोन-दोन तास बसून राहतात. मी सहीसाठी पेन पुढे केलं तर ते घेईनात.

"सायेब, माणूस आत हाय," म्हणाले. "वर येऊ द्या त्याला, मंग द्या."

म्हटलं, पेन धरल्यावर कान बंद होतात का? यावर ते नुसते हसले. जुन्या काळी कुणाच्या तरी हातात काहीतरी होतं आणि ते ठेवेपर्यंत उशीर झाला, असली काहीतरी कथा आहे. कॉम्प्युटर आला तरी ही माणसं तिथंच.

११ सप्टेंबर, गुरुवार

समीक्षाबाईंचा कोड वाचला. आता कळलं, आकडे का गळतात.

मेमरीत एक यादी असते. आलेला प्रत्येक आकडा तिच्यात लिहायचा आणि घंटीची खबरही तिच्यातच. दोघांनी एकदम लिहून घोटाळा करू नये म्हणून यादीला लॉक असतो. लिहिणाऱ्यानं लॉक घ्यायचा, लिहून झालं की सोडायचा. इथपर्यंत ठीक. पण ही बाई लॉक घेण्याआधी दर वेळी इंटरप्ट बंद करते आणि लॉक सोडल्यावर पुन्हा चालू करते. मधल्या वेळात येणारे आकडे मग पोर्टवर सांडतात. व्यंकटीचीच विद्यार्थिनी शोभते.

तिला फोन लावला. ती नम्रपणे बोलली, तेच डोक्यात गेलं. म्हणाली की लॉक हातात असताना घंटी आली तर घंटी लॉकची वाट बघत बसेल, आणि घंटीचं काम उरकल्याशिवाय लॉक धरणाऱ्याला पुढे सरकता येणार नाही. दोघंही कायमचे अडकतील. आकडे गळत असतील तर लॉक धरून करायचं काम कमी करा, पण इंटरप्ट बंद करणं काढू नका. हे तिला व्यंकटीकाकांकडे बघून सुचलं म्हणे. घंटी येऊ शकते तेव्हा हात रिकामे पाहिजेत, आणि काही धरायचंच असेल तर आधी घंटी थोपवली पाहिजे.

मी तिचे आभार मानले आणि फोन ठेवून मनसोक्त हसलो.

१३ सप्टेंबर, शनिवार

इंटरप्ट बंद करणारी ती ओळ काढून टाकली. माझ्या लॅपटॉपवर रात्रभर चालवून पाहिलं, एकदाही अडकलं नाही. दुपारी मिलच्या कॉम्प्युटरवर चढवलं. एकही आकडा गळत नाही. रेवणप्पांनी टीव्ही चांगला झाला म्हणून सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात शाल घातली. व्यंकटींनी टाळ्या वाजवल्या. पंचाक्षरी वर होता ना, हात मोकळे होते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पंचाक्षरी गेला.

नीट लिहितो. दुपारी बाराला तो तीन नंबरच्या कोठीत उतरला. मी कँटीनमधून चहा आणला. मला त्या मांडीवरच्या तळव्यांचा मनापासून राग यायचा, आज गंमत करावी असं वाटलं. दोन हमालांसमोर मी कप व्यंकटींच्या हातात कोंबला आणि म्हणालो, आता राखण कॉम्प्युटर करतो, तुम्ही चहा प्या. ते नको म्हणत होते. मी साहेब, म्हणून शेवटी धरला. प्यायले मात्र नाहीत.

स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे होते. घंटी वाजली नाही. मी बोलत बसलो होतो. मग व्यंकटी म्हणाले, लई वेळ झाला, आणि कप तसाच हातात घेऊन जिना चढले. वरून त्यांचा आवाज आला. सगळे धावले.

मी खोलीतच राहिलो. कारण तेव्हा माझं स्क्रीनवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. ते बारा सतरावर थांबलं होतं. माझ्या मोबाईलमध्ये बारा बेचाळीस झाले होते.

माझ्या लॅपटॉपला आठ प्रोसेसर. एकात लॉक धरलेला असताना घंटी दुसऱ्याकडे जाते, जरा थांबते, लॉक सुटतो. मिलच्या त्या जुनाट डब्याला एकच, तिथं घंटीनं लॉक धरणाऱ्यालाच थांबवलं. हे मी बघितलंच नव्हतं. बघायची गरज वाटली नव्हती.

मी वायर ओढून कॉम्प्युटर बंद केला. पुन्हा चालू केला आणि ती ओळ परत घातली.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं, दुपारी माती. ते लिंगायत, त्यांच्यात बसवून पुरतात. फुलांच्या खाली त्याचा उजवा हात दिसत होता, बोटं वाकडी झालेली. शेजारचा माणूस सांगत होता की बटण मुठीतून सोडवायला एकेक बोट उघडावं लागलं. पंचवीस मिनिटं दाबून धरलं असणार.

सगळ्यांचं एकमत आहे. व्यंकटीच्या हातात कप होता, म्हणून त्याला घंटी ऐकू आली नाही. व्यंकटींचंही तेच मत आहे. मी कप दिला हेही ते कुणाला सांगत नाहीत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रेवणप्पांनी मशीनचा अहवाल मागितला. कॉम्प्युटर व्यवस्थित आहे, असं लिहून दिलं. खोटं काय त्यात? आज तो व्यवस्थितच आहे.

सोमवारी अकरा वाजता व्यंकटी चौकीत निष्काळजीपणाचा जबाब देऊन सही करणार आहेत. मी त्यांना भेटलो, म्हटलं, वकील बघा. म्हणाले, "घंटी वाजलीच आसंल, सायेब. मीच न्हाई ऐकली." इतका मूर्ख माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. रात्रभर मला याचाच संताप येत राहिला, की तो माझ्यावर संशयसुद्धा घेत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी दात घासताना घंटी ऐकू आली. पॅनल रूमचीच. लॉजपासून मिल दोन किलोमीटर आहे.

ब्रश ठेवायला गेलो तर बोटं उघडेनात. घंटी थांबली तेव्हा उघडली. मिनिटभर असेल. झोप झाली नाही, बाकी काही नाही.

दुपारी मिलमध्ये तीन नंबरची लाईन पोर्टमधून उपटून ठेवली. तरी स्क्रीनवर तिच्याकडून आलेल्या इंटरप्टचा आकडा वाढत होता. एक. एक. एक.

२० सप्टेंबर, शनिवार

दाराची कडी. जिन्याचा कठडा. पाण्याचा ग्लास, दहा मिनिटं. हातात काही असलं की वाजते, रिकाम्या हाताला कधीच नाही. लॉजच्या मॅनेजरनं कठड्यावरून माझी बोटं एकेक करून उघडली. घाबरून गेला बिचारा. त्याला घंटी ऐकू येत नव्हती.

पलंगावर तळवे मांडीवर टाकून बसलोय. पेन धरायची भीती वाटते. पटकन लिहून ठेवतो.

२१ सप्टेंबर, रविवार

सांगून टाकायचं ठरवलं. भित्रा मी आहे, पण इतका — असो.

रेवणप्पांना फोन लावला. घंटी. मोबाईल हातात, ते हॅलो हॅलो म्हणतायत, तोंडातून शब्द फुटत नाही. घंटी असेपर्यंत मला दुसरं काही करताच येत नाही. व्यंकटींकडे निघालो, रिक्षाचा दांडा धरला, आणि — चाळीस मिनिटं. रिक्षावाला शिव्या देऊन मला परत लॉजवर सोडून गेला.

मॅनेजरला सांगितलंय, उद्या साडेदहाला ये. एक चिठ्ठी देईन, ती चौकीत नेऊन दे. लिहायला एक मिनिट पुरेल.

२२ सप्टेंबर, सोमवार

१०.०५. वहीतच लिहितो, पान फाडून देईन. घंटी नाही. लवकर.

मी लिहून देतो की कोठी नंबर तीनची घंटी व्यंकटींनी ऐकली नाही असं नाही. ती वाजलीच नाही. व्यंकटींच्या हातात कप मी दिला, त्याचाही काही संबंध नाही. कॉम्प्युटर १२.१७ ला अडकला कारण मी

वाजली.

१०.२०. पेन सुटत नाही. डावा हात वहीवर आहे, तोही उचलत नाही. फक्त लिहिता येतं.

१०.३१. मॅनेजर आला. दार वाजवतोय. कडी आतून मीच लावली. ओरडता येत नाही.

१०.४४. साहेब झोपले म्हणाला कुणाला तरी. गेला.

पान फाडता येत नाही. पान इथंच आहे, नाव इथंच आहे, सगळं खरं इथं —

आता समजलं. पंचाक्षरी अजून बटण दाबून बसलाय. त्याला दुसरं काय करता येणार आहे.

१०.५८. व्यंकटी पोचले असतील.

मी जाऊन सांगितलं की घंटी थांबेल. घंटी थांबली की पेन सुटेल. पेन सुटलं की कडी काढीन. कडी काढली की जाईन. मी जाऊन सांगितलं की घंटी थांबेल. घंटी थांबली की पेन सुटेल. पेन सुटलं की