रतनच्या नावावर

३ फेब्रु. ९१, आमली
मेहुणा भिका गावाहून परत आला. सुमनचा जीव भांड्यात पडला. भावाला कामावरून ब्रेक दिल्यापासून तोंड पाडून बसली होती. सासूबाईंनी कळण्याचं पीठ पाठवलंय. उद्या त्याला पुन्हा गिरणीत लावायचा. जुन्या नावावर घेणार नाहीत. कोणी कायम होऊ नये म्हणून दर सहा महिन्यांनी माणूस तोच, मस्टरवर नाव नवं. सायलीतल्या सगळ्या गिरण्यांत हीच बोंब. नावं शोधायची माणसं भरणाऱ्या जॉबरने, म्हणजे मी.

४ फेब्रु.
म्यानेजर पेन उघडून बसलेला. "जल्दी बोलो, नाम?" तोंडात आलं ते बोललो. रतन. आमचा रतन, जाऊन चार वर्षं झाली. बापाचं नाव, आडनाव, सगळं आयतं होतं. बाहेर येऊन भिका हसतोय, "दाजी, आते मी तुमना भाऊ!" मला हसू आलं नाही. सुमनला बोललो नाही.

१९ फेब्रु.
शेडमध्ये मस्टरच्याच नावाने हाक मारायची, सक्त ताकीद. तपासणीवाला कधी टपकेल नेम नाही. भिका ओ देत नाही. दोनदा खेकसलो. मेल्या भावाच्या नावाने दिवसभर ओरडायचं, हे काय जिणं आहे?
गेटवरचा लखमा वारली म्हणतो, माझं नाव तेच राहिलं, जमीन तेवढी गेली. शेड आहे तिथे त्याचं भात पिकायचं. आता तिथलाच वॉचमन.

११ मार्च
लिहवत नाही.

१२ मार्च
रोलरवर धागा गुंडाळला होता. तो चालू मशीनवरच कापायचा, बंद केलं तर प्रॉडक्शन जातं. भिकाला शिकवलं मीच. त्याची बाही आत जाताना दिसली. ओरडलो, "रतन! ए रतन!" त्याने मान वळवली नाही. भिका म्हणालो असतो तर...
उजव्या हाताची तीन बोटं गेली.

२० मार्च
दवाखान्यात बसून आलो. रडत नाही, त्याचंच जास्त लागतं. "दाजी, मी ओ काबर नही दिधी?" चूक स्वतःचीच धरून बसलाय. मी त्याचं पांघरूण सारखं केलं. हरामखोर आहे मी, दुसरं काय.

२ एप्रिल
म्यानेजरने बोलावून चहा पाजला. तिथेच मनात पाल चुकचुकली. भिकाने भरपाईचा अर्ज केलाय ना! म्हणे, "भिका नाम का आदमी हमारे मस्टर पे है ही नहीं. और रतन तो मर चुका है." रतन गेल्याचं त्याला कोणी सांगितलं, देव जाणे. रतनच्या मृत्यूचा दाखला आणून द्यायचा, केस खलास. मेलेला माणूस भरपाई कशी मागणार? दिला तर मला सुपरवायझर करणार. नाही दिला तर खोटं नाव लिहवलं म्हणून पोलिसात. हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. थू माझ्यावर.

१६ एप्रिल
सुमनला सगळं सांगून टाकलं. हाकेचंसुद्धा. भाकरी थापत होती, हात थांबले नाहीत. शेवटची तव्यावर टाकून म्हणाली, "तुमना भाऊ मरी गया. मना जित्ता शे." एवढंच. दाखला तिच्या पेटीत आहे, लुगड्यांच्या खाली. किल्ली कंबरेची सोडून माझ्या ताटाशी ठेवली. जेवण गेलं नाही.

२१ एप्रिल
उद्या अकराला कामगार कचेरीत तारीख. साक्षीदार मी एकटा. बाकीच्यांनी कानावर हात ठेवले, त्यांचीही नावं खोटीच. सकाळी आठला म्यानेजरचा माणूस दाखला न्यायला येतो म्हणालाय. सुमनने माझा शर्ट धुऊन वाळत घातला.
भिका निर्धास्त आहे. दाजी आहेत म्हणतो. चार दिवस पाटीवर डाव्या हाताने सही गिरवतोय. आज जमली, वाकडी, पण वाचता येते. पाटी पुसली आणि मला विचारतो, "दाजी, उद्या कोनता नावनी सही करू?"
थांब जरा, म्हणालो. पेटीची किल्ली अजून खिशात आहे.