कंसातले शब्द

३ मार्च
सर आज पुन्हा ओरडले! आम्ही संपादित करतोय ती ही जुनी पोथी, धर्मग्रंथांत जागा न मिळालेली. तिच्या तीनच प्रती उरल्यात, तिन्ही आमच्या कपाटात. दोन प्रतींत तिसावं पान नाहीच. तिसरीत ते वाळवीने खाल्लंय. 'देवाने' दिसतं, 'ठार केलं' दिसतं, मधलं गेलं. सरांनी अंदाजाने भरलं — देवाने [आपल्याच लेकरांना] ठार केलं. मी म्हटलं, किती ते कंस, पानाला कुंपण घातल्यासारखं दिसतं! तर कडाडले, "कंसात मी बोलतो, बाहेर पोथी बोलते. वाचणाऱ्याला हे कळायला नको?"

११ मार्च
सर परगावी. वर्तमानपत्राला उतारा मीच पाठवला. कंस काढून टाकले. कसं सुटसुटीत वाटतं आता!

१६ मार्च
दुपारी आम्ही जेवणाचे डबे उघडत होतो, तेवढ्यात पंधरा-वीस माणसं आत घुसली. हातांत लोखंडी कांबी. आधी काचा, मग कपाट. पोथीची पानं पायांखाली — चुरा झाला नुसता! मी टेबलाखाली. एकाने सरांची मानगूट धरून कात्रण डोळ्यांसमोर नाचवलं.
"हे लिहिलंय तुझ्या पोथीत?"
सरांनी वाचलं. कंस नाहीत हे त्यांना दिसलं. माझ्याकडे बघितलं — क्षणभरच.
"पोथीत नाही. ते शब्द माझे आहेत."
हो म्हणाले असते तर सगळं पोथीवर गेलं असतं, ते सुटले असते! त्यांचा उजवा हात दाराच्या फटीत घालून दार आपटलं. तीनदा. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग डोक्यात कांब.
मी टेबलाखालून बाहेर आले नाही.

१७ मार्च
दवाखान्यात पोलीस आले. सर जेमतेम एवढंच बोलले — "कंस माझ्याकडून राहिले."
सरांच्या बायको, काकू, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू तरी वाचलीस गं!" मी उठून बाहेर गेले.

२० मार्च
सर गेले.

२१ मार्च
काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी फाडकन थोबाडीत मारली. मग दुसरी. मग माझ्याच गळ्यात पडून हंबरडा फोडला. शेवटी म्हणाल्या, "मला काय सांगतेस? ज्यांनी वाचलं त्यांना सांग."

२५ मार्च
पत्र छापून आलंय — ते शब्द पोथीचे नव्हते, कंस मी काढले. शेवटी माझं पूर्ण नाव. रस्त्यावर माणसं जमलीत. आता जिन्यात पावलं वाजताहेत. कडी मीच काढते.