हौगांगमधली पायपीट

सिंगापूर,
१६ ऑगस्ट २००६

प्रिय प्रबोध,

एका घोर अन्यायाची तुझ्या दप्तरी नोंद व्हावी. या देशात बिनसाखरेची, साध्या दुधाची कॉफी हवी असेल तर 'कोपी सी कोसोंग' असा मंत्र म्हणावा लागतो. 'कोसोंग' विसरलं की साखर पडते, 'सी' विसरलं की डब्यातलं घट्ट गोड दूध. वैदिकाचा स्वर चुकावा आणि फळ उलटं मिळावं, तसं माझ्यासारख्या मधुमेह्याचं होतं. अकरा वर्षं इथे राहून हा मंत्र मला या पंधरवड्यात आला. इतकी वर्षं बुकित तिमाहच्या काँडोतलं घर, बस आणि बँक ही आमची त्रिस्थळी. तीत कॉफी यंत्रातून येते, तिला मंत्र लागत नाही.

हल्ली बँकेतून रजा घेतली आहे. रोज सकाळी MRTने, म्हणजे इथल्या मेट्रोने, हौगांगला जातो आणि दुपारपर्यंत पायी हिंडतो. हौस म्हणून नव्हे. आमचा क्षितिज सापडत नाही. आज सतरा दिवस झाले.

इथल्या कायम रहिवाशांच्या मुलांना अठरा पूर्ण झाली की दोन वर्षं लष्करात काढावी लागतात, हे तुला ठाऊक आहे. क्षितिज एप्रिलमध्ये गेला. शनिवारी घरी यायचा, रविवारी संध्याकाळी परत जायचा. तीस जुलैच्या रविवारी पाठीवर बॅग टाकून निघाला, तो छावणीत पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या शाळेतल्या एका मित्राला तो हौगांगच्या बाजारात दिसल्यासारखा वाटला. 'वाटला' या एका क्रियापदावर मी इतके दिवस काढतो आहे.

हौगांग म्हणजे सरकारी फ्लॅटांची वसाहत. सगळ्या इमारती एकाच आईच्या पोटच्या. भिंतीवर रंगवलेला नंबर नसेल तर माणूस स्वतःच्या घरीही पोचायचा नाही. बांबूंवर कपडे वाळत असतात, आणि राष्ट्रदिन होऊन आठवडा उलटला तरी गॅलऱ्यांतून झेंडे लटकताहेत. इमारतींचे तळमजले मोकळे असतात. म्हातारे तिथे दगडी टेबलांवर सोंगट्या मांडून बसतात, लग्न तिथेच लागतं, मयतही तिथेच तीन-चार दिवस ठेवतात. गेल्या गुरुवारी अशा एका मांडवात शवपेटीपुढचा फोटो लांबून दिसला आणि मी धावत सुटलो. फोटोत नव्वदीची एक चिनी आजी होती. मला हायसं वाटलं; मग तिच्या मुलांकडे पाहून लाजेने हात जोडले. त्यांनी मला खुर्ची दिली, शेंगदाणे दिले.

कॉफीवाल्या बाईंनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "अंकल, यू फाइंडिंग हाउस ऑर फाइंडिंग पर्सन?" मी फोटो दाखवला. त्यांनी तो कॅलेंडरशेजारी चिकटवला आणि इथल्या इंग्रजीचा तो 'लाह' लावून मला दटावलं, "बॉय नेव्हर रन फार लाह! हंग्री, कम बॅक." तेव्हापासून मी गेलो की त्या आधी मान हलवतात, मग कॉफी ओततात. मंत्र मला त्यांनीच पाठ करून घेतला.

लष्करी पोलीस दोनदा घरी येऊन गेले. कोवळी पोरं, दारात बूट काढून आत आली. मेधाने त्यांना पोहे दिले, आणि ती पोरं खात असताना आईच्या नजरेने एकटक बघत बसली. सापडला तर त्याला शिक्षा होईल. होऊ दे.

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या दिलीप आणि सुरेखाने त्यांचा मुलगा अकराव्या वर्षीच पुण्याला आजोळी पाठवला होता, कायम रहिवासाचा कागद त्याच्या नावे होण्याआधीच, म्हणजे पुढे लष्कराची सक्ती नको. तेव्हा मंडळाच्या गणपतीत, प्रसादाचा द्रोण हातात धरून, मी दिलीपला या देशाबद्दलच्या कृतज्ञतेवर प्रवचन झोडलं होतं. क्षितिजच्या त्याच कागदाच्या अर्जावर बापाची सही मीच केली, आणि तीही ऐटीत. परवा दिलीप माझ्याबरोबर चार तास चालला. त्याने मला काहीही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

जुलैच्या सुरुवातीला क्षितिज मला म्हणाला होता, "बाबा, आय कॅनॉट लाह. रिअली कॅनॉट." जेवणाच्या टेबलावर, मेधा आत असताना. मी त्याला धैर्यावरचं एक सुभाषित ऐकवलं. वर अन्वयही लावून दाखवला. तो हसला, "ओके बाबा" म्हणाला, आणि मला वाटलं, पोराला पटलं. मेधाला मी हे अजून सांगितलेलं नाही.

तिला आणखीही एक सांगितलेलं नाही. पहिला आठवडा मी येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे बघत चाललो. आता मी इमारतींच्या मागच्या बाजूला जातो आणि गवतात बघतो. प्रबोध, तुझ्या अभयने वसतिगृहात जीव दिला त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तुझ्या धाकट्या भावाबद्दल मी तुझ्याशी कधी एक अक्षर बोललो नाही. विनोद करत राहिलो आणि त्यालाच मैत्री समजलो. आज विचारतो, माफ कर. शेवटचा घरी आला तेव्हा अभय कसा होता? क्षितिज त्या रविवारी फार छान वागला. दोनदा भात घेतला. खोली आवरली. आईच्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू बसवून दिला. कित्येक महिन्यांत मी त्याला इतका शांत पाहिला नव्हता, आणि त्याचं श्रेय मी मनातल्या मनात माझ्या सुभाषिताला दिलं. अभयही असा शांत होता का? नसेल, तर पत्र मिळताच फोन कर. असेल, तरीही कर. फक्त मेधाने उचलला तर तिला काही बोलू नकोस. माझा मुलगा जिवंत नाही, अशी मला भीती वाटते.

तुझाच,
निशिकांत