पायरीवरचं माप

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे! गाडीत आदळून आदळून माझी हाडं खिळखिळी झाली, पण ठकी उतरल्या उतरल्या उड्या मारायला लागली. तिची आई गेल्यापासून पोरगी मामाकडे होती. या नोकरीत घर मिळतंय म्हटल्यावर मी साहेबांचा पिच्छाच पुरवला. मुलीला न्यायचं तर तुमच्या जबाबदारीवर, असं ते म्हणाले. म्हटलं, बापाची नाही तर कुणाची? दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दाराशी दगडी पायरी, समोर उघडी टेकडी. सोबतीला आचारी. साहेब दूर शहरात बसतात आणि वायरलेसवर बोलतात, हे त्यातल्या त्यात बरं.

५ नोव्हेंबर
टेकडी बघून तोंडाला पाणी सुटलं. ग्रॅनाइटमधून गारगोटीची जाड शीर गेली आहे आणि तिच्यात हरभऱ्याएवढे काळे, जड दाणे. युरेनियमही आहे, थोरियमही. प्रत्येक दाण्याभोवतीची गारगोटी धुरकट झाली आहे, चहूबाजूंनी तडकली आहे. कोट्यवधी वर्षं तो दाणा शेजाऱ्याला जाळत बसलाय. सुक्या दगडात दाणा नीट दिसत नाही, म्हणून आम्ही खडक तपासणारे लोक दगड चाटून ओला करतो. ठकी म्हणाली, मी मातीला हात लावला तरी मामी ओरडते आणि बाबा, तू दगड खातोस! हसून हसून पुरेवाट झाली.

८ नोव्हेंबर
कामाची घडी बसली. सकाळी पायरीवर बसून चहा पिता पिता किरण मोजायचं यंत्र मांडीवर घ्यायचं आणि तिथला आकडा टिपायचा, कारण थोडे किरण सगळीकडेच असतात. मग टेकडीवर तेच यंत्र लांब दांडीला लावून खडकांवरून फिरवायचं. तिथल्या आकड्यातून पायरीचा आकडा वजा केला की उरेल ते टेकडीचं.

१७ नोव्हेंबर
टेकडी उतरतेय. शीर तीच, दाणे तेच, आकडा मात्र रोज घटतोय. साहेबांनी विचारलं, टेकडीला गळती लागली का हो? मला हसू आलं नाही. हिरड्यांतून रक्त येतंय.

२० नोव्हेंबर
मूर्ख आहे मी! टेकडी उतरत नाहीये, पायरी चढतेय. जास्त वजा होतंय म्हणून टेकडी कमी भरतेय. म्हणजे जे काही आहे ते घरात आहे. जेवताना माझी दाढ पडली. काळी, जड, ताटलीत टणकन वाजली. आचाऱ्याने ती पाहिली आणि बोचकं बांधलं. म्हणाला, पोरीला माझ्याबरोबर द्या, पायी जातो, पण पोचवतो. मी त्याला हाकलून दिलं. माझी मुलगी परक्याच्या हाती कशाला देऊ?

२३ नोव्हेंबर
ठकी लाडात येऊन मांडीवर बसली. सहज तिच्या पाठीला यंत्र लावलं. काटा शेवटाला जाऊन टेकला. ती आहे. घर नाही, ती. मी तिला ढकलून दिलं. कोपर फुटलं तिचं. फुंकर घालायलाही गेलो नाही.

२४ नोव्हेंबर
तिला मागच्या खोलीत ठेवलंय. बाहेरून कडी. ताट फळीने आत सरकवतो. तिला खेळ वाटतोय. दारामागून विचारते, बाबा, माझ्यावर राज्य अजून किती वेळ?

२६ नोव्हेंबर
आणखी दात— सगळे काळे. तिच्यामुळे. ती मिठी मार म्हणून रडते, मी कान दाबून बसतो. साहेबांना कळवलं. ते म्हणाले, तुमच्यासाठी गाडी पाठवतो, मुलीला त्यात घेऊ नका, तिच्यासाठी वेगळी येईल. जीव भांड्यात पडला. माझा—

२८ नोव्हेंबर
गाडीत लिहितोय. पाणी आणि बिस्किटं आत सरकवली. लपतोय म्हणून सांगितलं. ती मोठ्याने आकडे मोजत होती—

गाडीवाला गप्पिष्ट. दुसरी गाडी कुठली, म्हणतो, कंपनीकडे ही एवढीच. साहेब असंच सांगतात लोकांना. मी ऐकून घेतलं.

सवयीने यंत्र मांडीवर घेतलं. घर मागे पडलं, ठकीही— काटा शेवटाला.

दांडीला लावून खिडकीबाहेर धरलं. काटा पडला. मांडीवर— शेवटाला. पुन्हा बाहेर. पुन्हा—

मीच. पायरीवर मी होतो. ती माझ्या मांडीवर—

गाडी फिरव म्हणायला तोंड उघडलं. आवाज नाही. जीभ हलत नाही, गार, जड—

गाडीवाल्यापुढे वही धरतोय. तो हसतो. रस्ता बघू द्या, म्हणतो.

गाडी फिरव
पोरगी चांगली आहे तिला काही झालेलं नाही
कडी बाहेरून आहे
कडी बाहे